पुण्याला जा, पण पाथर्डी फाट्याला नको

नाशिकच्या मुलीला पुण्यात नोकरी लागली की घरात पेढे येतात. हिंजवडीजवळ तिघींत एक फ्लॅट, भाडं, डिपॉझिट, कामवाली, सगळं बिनबोभाट ठरतं. वडील स्वतः गादी आणि कुकर गाडीत घालून सोडायला जातात. तीच मुलगी नाशिकमध्येच नोकरी करत असेल आणि पाथर्डी फाट्याला वेगळी खोली घेते म्हणाली, तर त्याच घराची सभा भरते. आत्याला फोन जातो, मामाला निरोप जातो, आणि आई दोन दिवस भाजीत मीठ घालायला विसरते.

अशा सभेत दोन आवाज ठरलेले असतात. एक काकांचा: बागलाणातल्या खेड्यातून शिकायला नाशिकला आलेले, सातपूरच्या कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालेले, सिडकोतल्या छोट्या घरावर मजला चढवलेले गृहस्थ. दुसरा पुतणीचा: वय 27, घर पंचवटीत, नोकरी अंबडला, थोरला भाऊ पुण्यात. नावं कुठलीही द्या, ही जोडी नाशिकच्या बऱ्याच घरांत सापडेल. सभा काकांकडे भरते, कारण मुलीचे वडील धाकटे आहेत आणि अवघड निर्णय मोठ्या भावाकडे ढकलायची सोय अजून शिल्लक आहे.

"घर सोडायला माझा विरोध नाही," काका सुरुवातीलाच सांगून टाकतात. "मी अकराव्या वर्षी सोडलं. पत्र्याची पेटी घेऊन बोर्डिंगात आलो. पण कशासाठी आलो ते गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पुढची शाळा गावात नव्हती. तुझी कंपनी अंबडला आणि घर पंचवटीत. मध्ये एक गोदावरी. तेवढ्यासाठी घर सोडायचं?"

"मध्ये द्वारकाचा चौकही आहे, काका."

"मग चौक चुकवायला भाडं भरणार?"

"नाही. मला एकदा घर चालवून बघायचंय. दूध कधी संपतं, लाइट बिल कधी येतं, पगार पंचवीस तारखेपर्यंत पुरतो का. लग्नाच्या आधी, आणि कुणाच्या देखरेखीशिवाय."

खरी अडचण या शेवटच्या दोन शब्दांत आहे, घर सोडण्यात नाही. घर सोडून राहणं हा प्रकार नाशिक जिल्ह्यानं शंभर वर्षांपूर्वीच अंगवळणी पाडून घेतला. 1914 मध्ये नाशिकला उदोजी मराठा बोर्डिंग निघालं. धारच्या पवार संस्थानिकांचं नाव त्याला मिळालं, 1920 मध्ये इमारतीच्या कोनशिलेसाठी शाहू महाराज आले, आणि या वसतिगृहाच्या बरोबरीनं मराठा विद्या प्रसारक समाज ही संस्था वाढत गेली. शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1901 मध्येच व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं होतं. साताऱ्यात भाऊराव पाटलांचं शाहू बोर्डिंग 1924 चं. शेतकऱ्याचं पोर शिकायचं तर त्याला आधी शहरात निजायला जागा आणि जेवायला ताट हवं, हे ओळखून बहुजनांच्या शिक्षणाची उभारणी झाली. मुलींचं म्हणाल, तर पुण्याच्या हुजूरपागेची स्थापना 1884 ची. इरावती कर्वे ब्रह्मदेशात जन्मल्या आणि सातव्या वर्षी हुजूरपागेच्या वसतिगृहात दाखल झाल्या. पुढे रँग्लर परांजप्यांच्या घरी राहिल्या.

या सगळ्या मुलामुलींनी घर सोडलं, पण प्रत्येकाला पुढे कुणीतरी उतरून घ्यायला होतं. रेक्टर, गुरुजी, दूरची मावशी, वडिलांचे स्नेही. मूल एका हातातून दुसऱ्या हातात जायचं. मोकळं कुणीच सुटत नव्हतं.

"म्हणजे तुम्ही घर सोडलंत ते रेक्टरच्या हवाली व्हायला," पुतणी म्हणते.

"हो, आणि बरं झालं," काका कबूल करतात. "मला टायफॉइड झाला, तेव्हा त्यांनीच टांग्यात घालून सिव्हिलला नेलं. गावाला पत्र पोचेपर्यंत मी उठून बसलो होतो. तुम्हाला देखरेख म्हटलं की नुसती शिस्त आठवते. आम्हाला त्यात आधार होता. तुझ्या खोलीवर ताप भरला तर कोण येणार?"

"तुम्हीच. सिडकोतून पाथर्डी फाट्याला यायला कितीसा वेळ लागतो? पुण्याला गेले असते तर मात्र कुणी येऊ शकलं नसतं. तिकडे जायला सगळे तयार, आणि जिथं हाकेच्या अंतरावर काका आहेत तिथं राहायला बंदी. यात काळजी कुठं आहे, ते मला दाखवा."

काकांकडे याचं थेट उत्तर नाही, म्हणून ते आगगाडी काढतात. नाशिककराच्या घरनिष्ठेचा त्यांच्या मते सर्वांत मोठा पुरावा म्हणजे पंचवटी एक्स्प्रेस. 1975 मध्ये ही गाडी सुरू झाली आणि मुंबईत नोकरी, नाशकात घर अशी एक जमातच तयार झाली. सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडला गाडी पकडायची, कसारा घाट उतरून मुंबई गाठायची, संध्याकाळी त्याच गाडीनं निघून रात्री साडेनऊ-दहाला परत. जाऊन-येऊन पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास. गाडीतच वाढदिवस, गाडीतच भजन, गाडीतच मुलामुलींची स्थळं.

"मंत्रालयात, बँकांत, कोर्टात नोकऱ्या केल्या लोकांनी, पण दादरला खोली घेतली नाही. का? तर रात्री आपल्या अंथरुणावर पाठ टेकायची. आणि तुला पंचवटी-अंबड लांब पडतं!"

"त्या पासवाल्यांचा पहाटेचा डबा कोण भरत होतं, काका?"

हा प्रश्न काकांना लागतो, कारण उत्तर स्वयंपाकघराच्या दारात उभं आहे. काकूंचे भाऊ दहा-बारा वर्षं त्या गाडीनं जात होते, आणि वहिनी पहाटे चारला उठत होती. इतका वेळ गप्प असलेल्या काकू पोह्यांच्या बश्या ठेवतात आणि तिथंच बसतात.

"मी एकोणिसाव्या वर्षी घर सोडलं," त्या म्हणतात. "येवल्याहून इथं आले. मला कुणी विचारलं नाही कशासाठी सोडतेस, परवडेल का, ताप आला तर कोण बघेल. उलट वाजतगाजत पाठवलं. माहेरी आई होती, इथं सासूबाई, मग हे, मग पोरं. दाराची कडी मी माझ्या एकटीसाठी लावली, अशी एक रात्र आठवत नाही मला."

"तुला इथं काय कमी पडलं?" काका चकित होतात.

"कमी पडलं असं कुठं म्हणतेय? तुम्ही अकराव्या वर्षाचं घर सोडणं सांगत होता, मी एकोणिसाव्याचं सांगितलं."

काकूंचं घर सोडणं सहसा या चर्चेत धरलंच जात नाही, पण आकड्यांत तेच सर्वांत मोठं आहे. केंद्र सरकारच्या 2020-21 च्या श्रमबल पाहणीत देशातल्या 47.9 टक्के स्त्रिया स्थलांतरित निघाल्या. पुरुषांत हे प्रमाण 10.7 टक्के होतं. आणि या स्त्रियांपैकी 86.8 टक्क्यांच्या स्थलांतराचं कारण एकच होतं, लग्न. म्हणजे आईवडिलांचं घर सोडण्याचा अनुभव या देशात प्रामुख्यानं मुलींचाच आहे. त्यांना तो नवा नाही. नवं आहे ते घर सोडून दुसऱ्या कुणाच्या घरात न जाणं.

कायद्यानंही मुलीकडे बराच काळ याच नजरेनं पाहिलं. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात तेविसावं कलम होतं. वडिलांच्या पश्चात राहत्या घरात मुलीला हिस्सा मिळे, पण भावांनी आपले वाटे पाडायचं ठरवेपर्यंत तिला वाटणी मागता येत नसे. त्या घरात राहण्याचा हक्कही मुलगी अविवाहित, विधवा, नवऱ्यानं टाकलेली किंवा नवऱ्यापासून वेगळी झालेली असेल तरच. 2005 च्या दुरुस्तीनं हे कलम रद्द झालं आणि एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलगी मुलाच्या बरोबरीची सहदायाद झाली. महाराष्ट्रानं याच दिशेचं पाऊल 1994 मध्येच टाकलं होतं.

"म्हणजे पंचवटीच्या घरात माझा हक्क आहेच," पुतणी म्हणते. "वेगळी राहिले म्हणून तो जात नाही."

"थांब," काका सरसावतात. कारखान्यात युनियनचं काम केलेल्या माणसाला कलमांचं वावडं नसतं. "ते घर तुझ्या बापानं स्वतःच्या पगारातून बांधलंय. वडिलोपार्जित नाही. त्याच्या हयातीत त्यावर तुझा जन्मसिद्ध हक्क नाही, आणि तुझ्या भावाचाही नाही. तो ठेवतोय म्हणून तुम्ही राहता."

"मग तर मी माझी सोय बघायलाच हवी."

काका हसतात. मुद्दा हातचा गेला हे त्यांना कळतं, पण आता गोष्ट पैशावर आली आहे आणि तिथं त्यांचा पाय घट्ट आहे. ते कागद-पेन मागवतात. समजा भाडं महिना 10 हजार, मैत्रिणीबरोबर दोघींत निम्मं. डिपॉझिट 30 हजार. शिवाय सोसायटीचा मेंटेनन्स, वायफाय, गॅस, किराणा, कामवाली. पंचवटीत यातला एक पैसा जात नाही. "हे पैसे दर महिन्याला पाण्यात," काका ठरवून टाकतात. "त्यापेक्षा लहानसा फ्लॅट बुक कर, हप्ता भर. वीस वर्षांनी हातात काहीतरी राहील."

"हप्ता वीस वर्षांचा, भाडं अकरा महिन्यांचं. नाही जमलं तर बाराव्या महिन्यात पंचवटीला परत येता येईल. फ्लॅट घेतला तर कुठं जाऊ? मी 27 वर्षांची आहे, आणि घरात महिन्याला किती तेल लागतं ते मला माहीत नाही. दादालाही माहीत नव्हतं. पुण्याला गेला आणि दोन वर्षांत शिकला. आता सणाला आला की आईला पुरणाचं प्रमाण सांगतो."

हे खरं आहे आणि घरातल्या सगळ्यांनी ते कौतुकानं ऐकून घेतलं आहे. मुलगा कुकर लावायला शिकला की कौतुक होतं. मुलीनं तो आईच्या हाताखाली शिकावा अशी अपेक्षा असते. तिनं तो स्वतःच्या पैशानं आणून, स्वतःच्या भुकेच्या वेळी लावला तर ते शिकणं कुणाच्या हिशोबात बसत नाही.

काका मात्र आता वेगळ्याच बाजूनं येतात, आणि इथं त्यांचं म्हणणं सर्वांत जड आहे.

"तू आवडीनं घर सोडतेस. आपल्याच जिल्ह्यात सहा वर्षांची पोरं घर सोडतात. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवरची पोरं आश्रमशाळेत राहतात. त्यांची आईबापं द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडच्या बागांवर मुक्कामाला. म्हणजे पोर घराबाहेर आणि घरही घराबाहेर. आदिवासी विकासाचं आयुक्तालय नाशिकलाच आहे, तिथं जाऊन विचार घर सोडणं म्हणजे काय असतं. त्यांना आईजवळ निजायला मिळालं तर ते सण म्हणतील. तुला मिळतंय तर नको झालंय."

पुतणी लगेच उत्तर देत नाही. नोकरी आहे, शहर ओळखीचं आहे, मागे आईवडिलांचं घर उभं आहे, म्हणून तिला हा विचार सुचू शकतो, हे ती मान्य करते. "माझं घर सोडणं ही चैन आहे, म्हणा. पण दादाचीही तीच चैन होती. त्याला आश्रमशाळेतल्या पोरांची आठवण कुणी करून दिली नाही."

मग काका साता समुद्रापार जातात. तिकडे युरोपात म्हणे पोरं अठरा वर्षांची झाली की घराबाहेर, आणि म्हातारी माणसं एकटी. तुम्हाला तेच इथं आणायचंय. पुतणीनं याची तयारी केलेली आहे. युरोपीय संघाच्या 2022 च्या आकडेवारीनुसार आईवडिलांचं घर सोडण्याचं तिथलं सरासरी वय 26.4 होतं. फिनलंडमध्ये 21.3, तर क्रोएशियात 33.4. इटली आणि स्पेनमध्येही तिशीच्या आसपास. "मी सत्ताविसाव्या वर्षी निघतेय. युरोपातही कुणी मला उतावळी म्हणणार नाही."

काकांना क्रोएशिया अनपेक्षितपणे आवडतो. पण ते या फरकाचं कारण विचारतात, आणि कारण संस्कारांपेक्षा बरंचसं पैशाचं निघतं. फिनलंडमध्ये विद्यार्थ्याला घरभाड्यासाठी सरकारी मदत मिळू शकते. दक्षिण युरोपात पक्की नोकरी उशिरा लागते आणि घर महाग पडतं, म्हणून मुलं घरीच राहतात. अमेरिकेत तर कोरोनाच्या लाटेत, जुलै 2020 मध्ये, 18 ते 29 वयोगटातले 52 टक्के तरुण आईवडिलांकडे राहत असल्याचं प्यू संशोधन केंद्रानं मोजलं. त्याच वर्षी पुण्या-मुंबईचे फ्लॅट रिकामे करून नाशिकची मुलंही गाद्यांसकट परतली होती.

"बघ," काका म्हणतात, "तिकडे सरकार मदत करतं, इकडे बाप. शेवटी परत यायला घर लागतंच."

"मी ते पाडायला निघालेच नाहीये."

तरी मागे राहणाऱ्यांचा प्रश्न उरतोच. वडील साठीला आले, आईचे गुडघे दुखतात, भाऊ पुण्यात. मुलगीही निघाली तर? 2007 च्या कायद्यानं आईवडिलांच्या पालनपोषणाची जबाबदारी मुलगा आणि मुलगी दोघांवर टाकली आहे, आणि मुलं कुठं राहतात यावर ती ठरत नाही. पण गुडघा रात्री दोन वाजता दुखतो तेव्हा कायदा उठून मलम लावत नाही, हे काकांचं म्हणणं कुणाला खोडता येत नाही. पुतणी एवढंच विचारते, की पुढच्या वर्षी तिचं लग्न होऊन ती नगरला गेली, तर हाच गुडघा कुणाला आठवेल का. काकू मान हलवतात. त्यांच्या आईचे गुडघेही येवल्यातच राहिले होते.

पण काकू संपूर्ण पुतणीच्या बाजूनं आहेत असं समजायचं कारण नाही. "भांडी कोण घासणार ते आधी ठरवा," त्या बजावतात. "मैत्रिणी मैत्रिणी म्हणता, पण एका ओट्यावर दोन बायका आल्या की सासू-सून व्हायला आठवडा लागत नाही. आणि डबा बाहेरून मागवणार असशील तर घर कशाला मांडतेस? मग सरळ कॉट बेसिसवर राहा."

तिथून बोलणं कागदावर येतं, आणि विरोध करणारे काकाच सर्वांत बारीक प्रश्न विचारू लागतात. घरमालकानं तोंडी व्यवहार सुचवला आहे, करार नंतर बघू म्हणाला आहे. काका ताडकन उठतात. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं पंचावन्नावं कलम करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा म्हणतं. अकरा महिन्यांचा असला तरी सुटका नाही. नोंदणीची जबाबदारी मालकाची, आणि त्यानं ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय नोंदणीच नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. ते खोटं आहे हे सिद्ध करायचं काम दुसऱ्यावर. काका तिथंच मुद्रांक शुल्काचा हिशोब करतात: एकूण भाडं आणि डिपॉझिटवरचं दहा टक्के दरानं धरलेलं व्याज, त्याच्या पाव टक्का. काकांनी मांडलेल्या भाड्यावर आणि डिपॉझिटवर ते 280 रुपयांच्या आसपास येतं. वर शहरात नोंदणी फी 1000 रुपये. "एवढ्यासाठी मालक टाळतोय? दुसरी जागा बघ."

दुसऱ्या जागा तिनं पाहिल्या आहेत. तिथले प्रश्न तिला पाठ झालेत. लग्न झालंय का? मांसाहार करता का? घरी कोण कोण येणार? आणि सगळ्यात शेवटी: आईवडील नाशकातच आहेत ना, मग वेगळं कशाला? दोन ठिकाणी तर मालकांनी वडिलांचा फोन नंबर मागितला. स्वतःचा पगार, स्वतःची सही, तरी खात्री वडिलांकडून. रेक्टर मागे पडला, पण त्याची खुर्ची आता घरमालकाला हवी आहे.

"नंबर दिलास?" काकांचा प्रश्न.

"तुमचा दिला."

काका क्षणभर खूश होतात, मग आपण फशी पडलो हे त्यांच्या लक्षात येतं. पण आता माघार नाही. गॅसचं काय, ते विचारतात. भाड्याच्या घरात नवं कनेक्शन लगेच होत नसेल तर पाच किलोचा छोटा सिलिंडर मिळतो. ओळखपत्र दाखवलं की पुरतं, पत्त्याचा पुरावा लागत नाही. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात गेली पाहिजे. सोसायटीला मालकानं कळवलं पाहिजे. कागदावर यादी वाढत जाते, आणि वर लिहिलेला 'पाण्यात' हा शब्द तिच्याखाली दडपून जातो.

"एक किल्ली पंचवटीत राहील," काका शेवटची अट घालतात.

"अडीनडीला राहू दे. पण कुणी येण्याआधी फोन करायचा."

"बापानं लेकीच्या घरी फोन करून यायचं?"

"दादाकडे पुण्याला निघताना करतातच की. सोसायटीच्या गेटवरूनसुद्धा करतात."

काकू रिकाम्या बश्या गोळा करता करता थांबतात. "आणि पंचवटीच्या घराची तुझ्याकडची किल्ली? तूही फोन करून येणार का?"

पुतणीनं याचा विचार केलेला नाही. "ते माझं घर आहे," ती म्हणते, आणि तेविसाव्या कलमावरची मघाची सगळी चर्चा आठवून स्वतःच ओशाळते.

"मग हा करार एकतर्फी झाला," काका जाहीर करतात. "असा रजिस्टर होत नाही."

"बरं, रविवारी न विचारता. इतर दिवशी फोन. दोन्हीकडून."

"तुझ्या आईला हे कलम चालणार नाही. उद्या दोघांना इथं घेऊन ये," काका कागदाची घडी खिशात घालत म्हणतात. "आणि तुझ्या भावालाही फोन लाव. त्याच्या घराची किल्ली इतकी वर्षं कुणी मागितली नव्हती, तेही कलम घालू."